दिनीशच्या नाकातला किडा

बारेइरोच्या त्या पाळणाघरात ग्रासिंदाला तिच्या नावाने हाक मारणारी एकच बाई होती, ती म्हणजे तिथली मुख्य दोना हर्मीनिया. बाकी सगळ्यांच्या लेखी ती नाकमावशी. सकाळच्या बोटीने लिस्बनहून तेजो नदी ओलांडून ती यायची. एका हातात थंड डबा, खांद्याला पिशवी. दारातूनच ओरडायची, "आज कोण कोण नाक घरी विसरून आलंय?" मग चौकड्यांचे डगले घातलेली पोरं आपापली नाकं चाचपून बघत आणि "आहे! आहे!" म्हणून गलका करत.

तिचं काम तसं क्षणभराचं. बारीक लवचिक तारेच्या टोकाला कापूस लावलेली काडी नाकपुडीतून पार मागे न्यायची, जराशी फिरवायची आणि बाहेर काढून नळीत घालायची. पण तो क्षण कोणाला गोड वाटणार? डोळ्यांत पाणी येतं, शिंका येतात, एखादं पोर लाथही मारतं. ग्रासिंदा मूळची बालरुग्णालयातली नर्स. लाथा खाऊन खाऊन तिच्या नडग्यांना सवय झाली होती. आधी ती बाहुलीच्या नाकात काडी घालायची, मग स्वतःच्या, मग पोरांच्या.

या काड्या लिस्बनच्या प्रयोगशाळेत जायच्या. लहान पोरांच्या नाकात न्यूमोनियाचे जंतू बिनभाड्याने राहत असतात. पोरं असतात ठणठणीत, पण पाळणाघरात एकाचं खेळणं दुसऱ्याच्या तोंडात जातं, तशी जंतूंचीही देवाणघेवाण चालू असते. अशात त्यांच्यावरची लस आली होती. सरकारी यादीत ती अजून नव्हती, तरी डॉक्टर सांगत म्हणून बरेच आईबाप स्वतःच टोचून घेत. लस आल्यापासून पोरांच्या नाकातून कोण गेलं आणि कोण येऊन बसलं, हे प्रयोगशाळेला पाहायचं होतं.

सगळ्या पोरांत दिनीश हा ग्रासिंदाचा लाडका. तिने कधी बोलून दाखवलं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं. साडेतीन वर्षांचा, कान जरा बाहेर आलेले. इतर पोरं लपायची तेव्हा हा गडी "माझं आधी!" म्हणत पुढे येऊन मान मागे टाकायचा. काडी बाहेर आली की डोळे पुसत विचारायचा, "काय निघालं?" ग्रासिंदा दर वेळी काहीतरी नवं सांगायची. कधी "वाटाणा", कधी "बोटीचा भोंगा". तो पोट धरून हसायचा आणि संध्याकाळी न्यायला आलेल्या आजोबांना सांगायचा, "आजोबा, माझ्या नाकात भोंगा होता!"

"तरीच रात्री घोरतोस," आजोबा म्हणायचे.

हे आजोबा म्हणजे सेन्योर क्विंतीनो. जन्म बुचाच्या कारखान्यात गेलेला. बायको वारली तेव्हापासून एकटेच राहायचे, पण लेक नोएमिया दोन गल्ल्या पलीकडेच. तिचा नवरा दूर जर्मनीत कामाला, आणि तिला सुपरमार्केटातल्या पावाच्या काउंटरवर पाळ्या. म्हणून पोराला आणणं-नेणं, सूप भरवणं, चौकात पत्ते खेळायला बसताना मांडीवर घेणं, सगळं म्हाताऱ्याकडे. लहानग्या दिनीशला पत्त्यातला गुलाम ओळखता यायचा, पण जोडा कुठल्या पायात घालायचा ते यायचं नाही.

नाताळानंतर ग्रासिंदा पहिल्यांदा आली ती धुक्याची सकाळ होती. बोट उशिरा सुटली होती. तिने दारातून नेहमीची आरोळी दिली, पोरांनी गलका केला, बाहुलीचं नाक झालं, तिचं स्वतःचं झालं. पण "माझं आधी!" काही ऐकू आलं नाही.

दिनीश टेबलाखाली बसला होता. डगल्याची कॉलर वर ओढून त्याने नाक झाकून घेतलं होतं. नुसते डोळे दिसत होते.

ग्रासिंदा फरशीवर बसली. "काय रे राजा, आज नाक घरी राहिलं?"

त्याने मान हलवली. "आहे."

"मग दाखव की."

"नको. बाहेर येईल."

"कोण येईल?"

"किडा." कापडाआडून आवाज पुटपुटल्यासारखा येत होता. "माझ्या नाकात किडा आहे. तो आजोबांना चावला."

ग्रासिंदाने हातातली काडी तशीच पाकिटात परत सरकवली. "कोणी सांगितलं तुला?"

"आई फोनवर बाबांना सांगत होती." मग जरा थांबून तो म्हणाला, "मावशी, तू लांब बस. तुलापण चावेल."

ती लांब बसली नाही. तिथेच बसून राहिली.

सगळी पोरं दुपारची झोपली तेव्हा दोना हर्मीनियाने स्वयंपाकघरात तिच्यापुढे कॉफी ठेवली. हर्मीनिया धिप्पाड बाई. आवाज असा, की नुसतं खाकरली तरी अंगणातली भांडणं मिटत.

"अगं ग्रासिंदा, नाताळच्या आदल्या दिवशी म्हातारा कोसळला. ताप, धाप, ओठ निळे पडलेले. न्यूमोनिया. डॉक्टरांनी आशा सोडली होती म्हणतात. पण चिवट आहे, आला परत. आता घरी असतो. पण नोएमिया पोराला तिकडे फिरकू देत नाही. शेजारीण येऊन पोराला नेते."

"म्हणजे भेट झालीच नाही दोघांची?"

"झाली म्हण, नाही म्हण. परवा म्हातारा रस्त्यापलीकडे उभा होता, गळ्यात मफलर गुंडाळून. पोरं अंगणात खेळत होती. मी म्हटलं, आत या की, सेन्योर क्विंतीनो, काय परक्यासारखं! तर म्हणे, नाही, लेकीला शब्द दिलाय."

"आणि दिनीश?"

हर्मीनियाने कपातली साखर उगाच ढवळली. "त्याने बघितलं. मला वाटलं आता धावत सुटेल. तर पोर भिंतीआड जाऊन उभं राहिलं. नाकावर दोन्ही हात ठेवून. मला वाटलं, थंडी वाजतेय."

ग्रासिंदाला सप्टेंबरातली पालकसभा आठवली. त्या बुटक्या खुर्च्यांवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेले आईबाप, आणि उभी राहून बोलणारी ती स्वतः. हे जंतू पोरांना सहसा काही करत नाहीत, पण घरातल्या म्हाताऱ्या माणसांपर्यंत पोचू शकतात, असं तिनेच सांगितलं होतं. सगळ्यांत मन लावून ऐकत होती ती नोएमिया. त्यात खोटं काही नव्हतं. पण ते वाक्य त्या खोलीत ठेवून ती संध्याकाळच्या बोटीने निघून गेली होती, आणि ते कोणाच्या घरी जाऊन राहिलं, काय काय करून बसलं, ते आज टेबलाखाली दिसलं.

त्या दिवशी ती परतीची बोट सोडून फाटकापाशी थांबली. शेजारणीला सवड नव्हती म्हणून नोएमियाच आली, धावतपळत. केसांत अजून पीठ होतं.

"नोएमिया, जरा बोलायचंय."

"बोला, पण लवकर. सकाळी चारला उठायचंय मला."

"दिनीश म्हणतो त्याच्या नाकात किडा आहे."

"आहेच ना!" नोएमिया एकदम उसळली. "तुम्हीच सांगितलं होतं. बरं, मी काय करायचं ठेवलं? लस म्हणालात, लस दिली. दर वेळी मांडीवर धरून बसले, त्याच्याबरोबर मीही रडले. मग अजून त्याच्या नाकात किडे कसे?"

"लस म्हणजे नाक धुऊन काढायचा साबण नाही गं. या जंतूंच्या पुष्कळ जाती असतात. त्यांतल्या सगळ्यांत द्वाड जाती, रक्तात न् मेंदूत घुसणाऱ्या, त्यांची ओळख लस अंगाला पटवून देते. त्या जाती मग नाकातूनही हटतात. आमच्या काड्यांत आता त्या जवळजवळ सापडतच नाहीत. पण नाक काही रिकामं राहत नाही. त्यांच्या जागी दुसऱ्या येऊन बसतात."

"म्हणजे चोर गेले नि भामटे आले!"

"बहुतेक गरीब असतात. सगळ्याच नाही, खोटं कशाला सांगू? पण लसीचा फायदा खराच आहे. दिनीशला आहे, आणि घरातल्या म्हाताऱ्यांनाही आहे, कारण द्वाड जाती पोरांकडून पुढे जात नाहीत."

"मग माझ्या बापाला कोणी पाडलं?" नोएमियाचा आवाज चिरकला. "रुग्णालयाने बाबांच्या रक्तातला जंतू तुमच्याच प्रयोगशाळेत पाठवलाय, डॉक्टर म्हणाले. दिनीशचा तुमच्याकडे आहेच. जुळवून बघा आणि मला सांगा. मला कळलं पाहिजे."

आतून दिनीश आला. आईने हात पुढे केला. त्याने बोट धरलं, पण तोंड दुसरीकडे वळवून, आणि दोघं अंधारत चाललेल्या रस्त्याने निघून गेली.

दुसऱ्या दिवशी ग्रासिंदाने प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टर लिओनोर यांना सगळं सांगितलं. लिओनोरनी चष्मा कपाळावर सरकवला.

"जुळवता येईल. आईची परवानगी तर आहेच, म्हाताऱ्याची घ्यावी लागेल. पण ग्रासिंदा, जुळलं तरी कोणी कोणाला दिलं ते कळणार नाही. पोराने आजोबाला, की आजोबाने पोराला, की दोघांना त्या पत्त्यांच्या अड्ड्यावरच्या कोणी."

"मी विचारून येते त्यांना."

"विचार. आणि ते काय म्हणतात ते नीट ऐक."

सेन्योर क्विंतीनोचं घर तिसऱ्या मजल्यावर होतं. दार उघडायलाच त्यांना वेळ लागला. कोट पूर्वी अंगाला घट्ट बसायचा, तो आता खुंटीला टांगल्यासारखा दिसत होता. पण पाहुणी आली म्हटल्यावर त्यांनी ऐकलं नाही. मध्ये दोनदा दम खायला थांबत कॉफी केली, बिस्किटं काढली आणि मग खुर्चीत टेकले.

"नाकमावशी माझ्या घरी! माझ्याही नाकात भोंगा आहे की काय?"

ग्रासिंदाने आपण कशासाठी आलो ते सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"समजा, जुळलं," ते म्हणाले.

"तर जुळलं. त्यावरून पक्कं काही म्हणता येत नाही, पण—"

"तुमचं ते 'पण' तुमच्या प्रयोगशाळेत. माझ्या घरात ते राहत नाही." त्यांनी बिस्कीट कॉफीत बुडवलं आणि तसंच धरून ठेवलं. "माझी लेक वाईट नाही. पण गोष्टी सांगायची हौस दांडगी, आईवर गेलीय. जुळलं तर दर नाताळला जेवताना ही गोष्ट निघणार. दिनीश लहान होता तेव्हा त्याने आजोबांना मरणाच्या दारात नेलं! हसत हसत सांगेल ती. तोवर मी मेलेला असेन, म्हणजे गप्प बस म्हणणारं कोणी नाही. पोरगा ऐकत राहील. मिशा फुटल्या तरी ऐकतच राहील."

"आणि नाही जुळलं तर?"

"तर दुसऱ्या कोणाला तरी धरेल. पत्त्यांतल्या आल्बानोला धरेल, तो शिंकतो फार." बिस्कीट तुटून कपात पडलं. त्यांनी लक्ष दिलं नाही. "अहो, मी जन्मभर बुचाची धूळ खाल्ली आणि वर सिगारेटी ओढल्या. छाती आधीच भोक पडलेली. आणि त्या पोराकडून मिळालंच असेल, तर मिळू दे! त्याच्याकडून मला आणखी काय काय मिळालंय ते तुमच्या नळीत मावेल का? म्हातारी गेल्यावर मी भिंतीशी बोलायला लागलो होतो. नको. जुळवू नका. मी सही देत नाही."

ग्रासिंदाने कप खाली ठेवला. मग म्हणाली, "बरोबर आहे तुमचं. पण उशीर झालाय थोडा. गोष्ट त्याच्या कानावर गेलीय."

आणि तिने टेबलाखालचं सगळं सांगितलं. कॉलर वर ओढून बसलेला दिनीश, 'मावशी, तू लांब बस' म्हणालेला, आणि त्या दिवशी भिंतीआड नाक दाबून उभा राहिलेला.

म्हाताऱ्याला हे ठाऊक नव्हतं. "मला वाटलं पोरगं मला विसरलं," ते म्हणाले. एवढंच. मग खुर्चीच्या हातांवर भार देऊन उभे राहिले आणि मफलर शोधायला लागले.

"कुठे निघालात? जिने उतरायचे आहेत!"

"पाव आणायला."

सुपरमार्केट पलीकडच्याच चौकात होतं, तरी पोचायला वेळ लागला. पावाच्या काउंटरपुढे रांग होती. ग्रासिंदा म्हणाली, थेट आत जाऊ. पण सेन्योर क्विंतीनोंनी यंत्रातून नंबराची चिठ्ठी काढली आणि रांगेत उभे राहिले. पांढरी टोपी घातलेली नोएमिया मान खाली घालून पाव पिशव्यांत भरत होती.

"पुढचा नंबर! काय हवं?"

"नातू हवाय," ते म्हणाले.

नोएमियाने वर पाहिलं. "बाबा! तुम्ही एवढ्या थंडीत! वेड लागलंय का?"

"मी शब्द दिला होता, जवळ जाणार नाही म्हणून. तो परत न्यायला आलोय."

"बाबा, लोक थांबलेत."

"थांबू देत की," मागून एक टोपलीवाली आजी म्हणाली. "पाव कुठे पळून जातोय? बोला हो तुम्ही."

"बाबा, तुमच्यासाठीच करतेय ना मी हे? डॉक्टर म्हणाले, पुन्हा झालं तर..." हातातला चिमटा खाली ठेवून नोएमिया म्हणाली, "तुम्हाला नळ्या लावल्या होत्या तेव्हा मी काचेबाहेर उभी होते. आईच्या वेळीही तिथेच उभी होते. तीच काच. मला पुन्हा तिथे उभं राहायचं नाही, बाबा."

टोपलीवाल्या आजीने रुमाल काढला आणि कोणाला द्यावा ते न कळून स्वतःचेच डोळे पुसले.

"राहशील," म्हातारा हळूच म्हणाला. "कधीतरी राहशीलच, पोरी. मी काय बुचाचा आहे, बुडायचाच नाही? पण तोवर मला रस्त्यापलीकडे उभा करू नकोस."

मग ग्रासिंदाने नाकावर हात धरलेल्या दिनीशचं सांगितलं. नोएमिया ऐकताना पांढरी पडत गेली. "घरीसुद्धा करतो तसं," ती म्हणाली. "मी पापा घ्यायला गेले की तोंड फिरवतो. मला वाटलं, रागावलाय. बाबा आजारी पडले म्हणून माझ्यावर रागावलाय."

"तुला चावेल म्हणून फिरवतो तो," ग्रासिंदा म्हणाली.

नोएमिया टोपीत तोंड खुपसून रडली. काउंटरवरच्या दुसऱ्या मुलीने तिला बाजूला घेतलं आणि मोठ्याने पुकारलं, "पुढचा नंबर!"

युक्ती सुचली ती दोना हर्मीनियाला. "एकट्या दिनीशला समजावून काय होणार?" ती म्हणाली. "एवढ्या पोरांत त्याचं एकट्याचंच नाक वाईट, असं त्याला वाटतंय. तर सगळ्यांची नाकं बघायची. आधी मोठ्यांची. माझंसुद्धा. तसं माझ्या नाकाला घाबरून तुझी काडी पळून जाईल म्हणा."

डॉक्टर लिओनोरनी परवानगी दिली. एवढंच म्हणाल्या, की मोठ्यांच्या काड्या अभ्यासात धरायच्या नाहीत, खेळात धरायच्या. ठरल्या दिवशी पाळणाघराच्या अंगणात ऊन आलं होतं. बाकावर ओळीने बसले होते दोना हर्मीनिया, स्वयंपाकीणबाई, सुट्टी घेऊन आलेली नोएमिया, आणि शेवटी मफलर गुंडाळलेले सेन्योर क्विंतीनो. पोरं समोर गोल करून. दिनीश सगळ्यांच्या मागे, कॉलर डोळ्यांपर्यंत.

हर्मीनियाच्या नाकात काडी गेली तशी ती अशी शिंकली की कबुतरं उडाली. पोरं लोळायला लागली. "ही बघा, एवढी मोठी बाई, आणि डोळ्यांत पाणी!" ग्रासिंदा म्हणाली. मग एकेकाचं झालं. आजोबांपाशी आल्यावर तिने मागे बघत विचारलं, "विजेरी कोण धरतं? मला आत नीट दिसत नाहीये."

कोणी पुढे येईना. मागची कॉलर हलली.

"मी धरतो," दिनीश म्हणाला. "पण लांबून."

त्याने हात शक्य तितका लांब करून विजेरी धरली. उजेड आजोबांच्या कानावर पडत होता. ग्रासिंदाने त्यावर काही न बोलता काम उरकलं. म्हातारा डोळे पुसत म्हणाला, "काय निघालं?"

"आठवडाभराने सांगते."

पुढच्या आठवड्यात तिने छायाचित्रं आणली, चांगली मोठी करून. प्रयोगशाळेत जंतू वाढवतात त्या रक्त घातलेल्या तांबड्या बशा, आणि प्रत्येक बशीवर ठिपकेच ठिपके. पांढरे, पिवळट, काही भोवती हिरवट कडं असलेले. तिने ती भिंतीवर पोरांच्या उंचीला लावली. ही हर्मीनियाबाईंची. ही स्वयंपाकीणबाईंची. ही आईची. ही नाकमावशीची. ही आजोबांची.

दिनीश प्रत्येकीपुढे बराच वेळ थांबला. "हे सगळे किडे?"

"सगळे. फार बारीक. प्रत्येकाच्या नाकात राहतात. तुझ्या, माझ्या, राजाच्या, पोलिसाच्या."

"चावतात?"

"बहुतेक वेळा नुसते राहतात. कधीकधी एखादा वाट चुकतो आणि छातीत शिरतो. माणूस थकलेला असेल, छाती दुबळी असेल, तर आजारी पडतो. त्यात नाकवाल्याची चूक नसते. आणि तुला टोचलं होतं ना दंडाला? किड्यांतले सगळ्यांत वाईट होते ते तेव्हाच तुझ्या नाकातून निघून गेले."

त्याने विचार केला. "मग आजोबांना कोण चावलं?"

सेन्योर क्विंतीनो बाकावरून खाकरले. "सिगारेट चावली, बाळा. फार वर्षांपासून चावत होती. मीच पाळली होती ती."

"मग तिला फेकून दे."

"फेकली," ते म्हणाले. नोएमियाने भुवया उंचावल्या, तसे ते घाईघाईने म्हणाले, "म्हणजे, आज फेकतो."

दिनीशने कॉलर खाली केली. नाकाचा शेंडा घासून घासून लाल झाला होता. तो आजोबांकडे गेला आणि दोन पावलं अलीकडे थबकला. त्याने आईकडे बघितलं. नोएमियाची भीती काही एका आठवड्यात गेली नव्हती, ते तिच्या चेहऱ्यावर दिसतच होतं. पण तिने मान हलवली. "डोक्यावर," ती म्हणाली. "टकलाचा पापा घे. आणि मग दोघंही हात धुवा."

म्हाताऱ्याने टोपी काढून डोकं पुढे केलं. दिनीशने दोन्ही हातांनी ते धरून मधोमध इतका मोठा, ओला पापा घेतला, की आवाज स्वयंपाकघरापर्यंत गेला. मग तो आजोबांच्या मांडीवर चढून बसला आणि एकदम रडायला लागला, आणि बराच वेळ रडला. कोणी त्याला उगी उगी म्हटलं नाही.

त्या वसंतात सेन्योर क्विंतीनो आरोग्यकेंद्रात जाऊन म्हाताऱ्यांची लस टोचून आले. दंड दुखतो म्हणून आठवडाभर कुरकुरत राहिले. दिनीशने "मला तर कितीदा टोचलंय" असं सुनावल्यावर गप्प बसले. सिगारेट सुटायला मात्र एका दिवसाहून पुष्कळ जास्त वेळ लागला. त्यावरून बापलेकीची भांडणं होत, आणि नंतर नोएमिया त्यांच्यासाठी सूप घेऊन जाई. फोनवर बोलताना आता ती बाल्कनीत जाऊन दार ओढून घ्यायची.

एकदा ग्रासिंदाला फाटकापाशी गाठून तिने विचारलं, "जुळवलं का तुम्ही?"

"नाही. तुझ्या वडिलांनी सही दिली नाही."

"बरंच झालं," नोएमिया म्हणाली. "मला राहवलं नसतं. सांगितलं असतं मी कोणाला तरी."

दिनीशचं पाळणाघर सुटायची वेळ आली त्या उन्हाळ्यात ग्रासिंदा शेवटच्या फेरीला आली, तेव्हा वर्गात एक नवी मुलगी होती, जेमतेम बोलायला लागलेली. काडी बघून तिने भोकाड पसरलं. बाहुलीचं नाक झालं, मावशीचं झालं, तरी ती ऐकेना. तेव्हा आता वर्गातला थोरला झालेला दिनीश तिच्याशेजारी जाऊन बसला.

"दुखतं," तो म्हणाला. "डोळ्यांत पाणी येतं. मग संपतं." जरा विचार करून त्याने आणखी सांगितलं, "तुझ्या नाकात काहीही असलं तरी कोणी रागावत नाही."

मुलगी हुंदके देत त्याच्याकडे बघत राहिली. ग्रासिंदाने तेवढ्यात काम उरकून घेतलं. बाहेर फाटकापाशी सेन्योर क्विंतीनो आले होते आणि दम खात खात दिनीशला ओरडून सांगत होते, की तिकडे आल्बानो पत्ते पिसून बसलाय, आणि चौथा गडी नसला तर डाव कसा सुरू होणार.